गाडी, स्टिरिओ आणि आजीच्या गोष्टी



गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मराठी शाळेला यायला निघालो, तर ड्राइव्हवेतल्या आमच्या गाडीची काच फुटलेली. डॅशबोर्डमधला स्टिरिओ वायरींसकट उपटून नेलेला. डिकीतला, म्हणजे तुमच्या भाषेत ट्रंकमधला, ॲम्प्लिफायर आणि सबवूफरही गायब. आमच्या चिरंजीवांनी दोन उन्हाळे शेजाऱ्यांची लॉन कापून जमवलेल्या पैशांतून ती सिस्टिम बसवली होती.

त्याहून मोठे नुकसान नंतर लक्षात आले. स्टिरिओला लावलेल्या पेनड्राइव्हवर आजींनी सांगितलेल्या गोष्टी होत्या आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. ऑफिसात रोज बॅकअपचा धोशा लावणारे आम्ही! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हणून हा लेख.

चोराचे गणित

कोणतेही कुलूप कायमचे टिकत नाही. चोर तीन गोष्टी बघतो. आत काय दिसते? किती वेळ लागेल? किती आवाज होईल? आपण फक्त त्याचे उत्तर अवघड करायचे. एकच महागडा उपाय करण्यापेक्षा तीन-चार साधे उपाय एकावर एक रचावेत.

किल्लीची ओळख

बहुतेक नव्या गाड्यांच्या किल्लीत एक छोटी चिप असते. गाडी तिला विचारते, 'तू कोण?' बरोबर उत्तर आले तरच इंजिन सुरू होते. या सोयीला इमोबिलायझर म्हणतात. कॅनडात नव्या गाड्यांना तो 2007 पासून सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती झाली नाही, म्हणून ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक स्वस्त गाड्या त्याच्याशिवाय विकल्या गेल्या. त्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी 2023 मध्ये सुमारे 83 लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर झाली. तुमची गाडी या कंपन्यांची असेल आणि धातूची किल्ली फिरवून सुरू होत असेल, तर गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन नंबर डीलरला देऊन ही सुधारणा झाली आहे का ते विचारा.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. समजा, आई स्वयंपाकघरातून हळूच विचारते, 'कोण आहे?' तुम्ही माडीवर आहात, तुम्हाला ऐकू येत नाही. पण जिन्यात उभा असलेला कोणी तिचा प्रश्न तुमच्यापर्यंत आणि तुमचे उत्तर तिच्यापर्यंत पोचवतो. आईला वाटते, तुम्ही दारातच आहात! चोर हेच करतात. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या दारापाशी, दोघांकडे रेडिओ यंत्रे. झुरिकच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलच्या गाड्या अशा फसल्या होत्या.

यावर उपाय म्हणजे किल्ली दाराजवळच्या खुंटीवर न टांगता आत, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी. धातू रेडिओ लहरी अडवतो. पण सगळेच डबे चालत नाहीत, म्हणून डबा घेऊन गाडीपाशी उभे राहा. दार उघडले तर डबा बदला. मुलांनो, हा प्रयोग तुम्ही करा.

स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडके जुनाट वाटते, पण ते बाहेरून दिसते, आणि तोच त्याचा गुण आहे. आणि थंडीत किल्ली आत ठेवून गाडी गरम करत सोडू नका.

स्टिरिओ कसा जपावा

पहिला नियम म्हणजे दिसू देऊ नये. काचेवर ॲम्प्लिफायर कंपन्यांचे स्टिकर लावणे म्हणजे चोराला आमंत्रणपत्रिकाच. आमच्या गाडीवर दोन होते. स्टिरिओचा पुढचा भाग निघत असेल तर तो काढून घरात न्यावा. सबवूफरचा खोका नुसता ठेवू नये, डिकीच्या तळाला बोल्टने आवळावा आणि वरून काळे कापड टाकावे. अलार्म बसवणाऱ्याकडून एक बारीक वायर ॲम्प्लिफायरमधून फिरवून घ्यावी. ती तुटली की भोंगा वाजतो.

कागदपत्रे आधीच

विमा कंपनीने आम्हाला काचेचे आणि डॅशबोर्डचे पैसे दिले, सिस्टिमचे दिले नाहीत. अनेक पॉलिसींमध्ये नंतर बसवलेल्या वस्तूंसाठी वेगळे कलम घ्यावे लागते. ते आम्ही वाचलेच नव्हते. पावत्याही सापडल्या नाहीत. तेव्हा आजच प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि तो गाडीत नव्हे, घरी ठेवा. गाडीत लपवलेल्या ट्रॅकरने गाडीचा पत्ता लागला, तर तो पोलिसांना सांगा. स्वतः मागे जाऊ नका.

चिरंजीव पुन्हा पैसे जमवत आहेत. आजींनी फोनवरून गोष्टी परत सांगितल्या, आम्ही त्या रेकॉर्ड केल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या. पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये चार वर्षांची धाकटी मध्येमध्ये विचारायची, 'आजी, मग वाघ कुठे झोपला?' ती आता नऊ वर्षांची आहे. असे प्रश्न विचारत नाही.

तुमच्या आजी-आजोबांचा आवाज कुठे ठेवला आहे? आज घरी गेल्यावर आधी त्याची दुसरी प्रत करा. डब्याचा प्रयोग नंतर.