सासूच्या नजरेआडची पाच मिनिटे

सोलापूर जिल्ह्यातील माढा असो वा अक्कलकोट, उपकेंद्रात गर्भवतीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदले जाते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधताना काळानिळा वळ दिसला, तरी ‘पायरीवरून घसरले’ या उत्तरावर विषय मिटतो, कारण शेजारी बहुधा सासू किंवा नवराच बसलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३.१ टक्के विवाहित स्त्रियांनी गरोदरपणात शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले. हा आकडा सांगणाऱ्यांचा आहे, सोसणाऱ्यांचा नव्हे. शिवाय टोमणे, पैशांची अडवणूक किंवा ‘मुलगाच हवा’ हा धाक त्यात येत नाही.

या धाकात राहणाऱ्या स्त्रीची झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि नैराश्याचा धोका वाढतो. तिच्यासाठीचे समुपदेशन म्हणजे ‘जरा जमवून घे’ हा सल्ला नव्हे, तर दोष तिचा नाही हे तिला पटवून देणे आणि तिच्यासोबत सुरक्षा आराखडा आखणे, म्हणजे रात्री बाहेर पडावे लागल्यास कोणाकडे जायचे आणि कागदपत्रे कोठे ठेवायची हे आधीच ठरवणे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने हे काम रुग्णालयाच्याच छताखाली आणले, त्यामुळे दवाखान्यात जाते एवढेच सांगून स्त्रीला तेथवर पोहोचता आले.

खेड्यात ही सोय जशीच्या तशी उचलून चालत नाही. आशाताई गावातलीच, कित्येकदा भावकीतलीच असते. म्हणून विश्वास लवकर बसतो आणि बोभाट्याची भीतीही तितकीच वाटते. अशा वेळी लघवीच्या तपासणीच्या निमित्ताने गर्भवतीला आत घेऊन, सासूला बाहेर थांबवून साधलेली पाच मिनिटे घरभेटीतील तासाभराच्या चौकशीहून मोलाची ठरतात.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या रीतीमुळे काही महिने मारहाणीपासून सुटका मिळू शकते, पण करमाळ्यात दिलेली मुलगी सांगोल्याला गेली की समुपदेशनाचा धागा तुटतो, आणि बाळासह ती परतते तेव्हा तिची विचारपूस करणारे कोणी उरत नाही. तो धागा पुन्हा जोडण्याची संधी बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणात असते, कारण लसीसाठी बाहेर पडणाऱ्या आईला सहसा घरातले कोणी अडवत नाही.