पायांचे शास्त्र (भाग ७) : नडगीचे दुखणे आणि स्कीचा बूट

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाचा बर्फाशी येणारा संबंध बहुधा फ्रिजच्या वरच्या कप्प्यापुरता असला, तरी जानेवारी ते मार्च या काळात या उपनगरांतून गुलमर्ग, औली किंवा सोलंग येथे स्की शिकायला जाणारे हौशी तरुण आणि कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या बाजूने सुमारे ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेऊन सोडतो, २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तेथे भरू लागल्या आहेत, आणि औली येथे गढवाल मंडल विकास निगमाचे ७ व १४ दिवसांचे प्रशिक्षणवर्ग चालतात. अशा वर्गातील नवशिक्याला धास्ती असते ती पडण्याची आणि थंडीची. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला हैराण करते ती नडगी, आणि सकाळी पुन्हा बुटात पाय घालणेच नकोसे होते. मागील भागात टाचेच्या दुखण्याचा विचार झाला. या भागात नडगीचा विचार करताना मुख्य प्रतिपादन असे आहे की, हे दुखणे बहुतेक वेळा बूट घट्ट असल्यामुळे नव्हे, तर तो सैल असल्यामुळे उद्भवते.

गुडघा आणि घोटा यांच्यामध्ये दोन हाडे असतात : आतल्या बाजूचे जाड टिबिया आणि बाहेरच्या बाजूचे बारीक फिब्युला. टिबियाची पुढची कड म्हणजेच नडगी. मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी स्नायूंची गादी लाभलेली असते. नडगीच्या पुढच्या व आतल्या पृष्ठभागावर मात्र त्वचा आणि अस्थिआवरण, म्हणजे हाडाला लपेटून असलेले, रक्तवाहिन्यांनी आणि वेदना जाणणाऱ्या चेतातंतूंनी समृद्ध असे पातळ पटल, यांखेरीज फारसे काही नसते, आणि काळोखात पलंगाची कड लागली की जीव कळवळतो त्याचे कारणही हेच. नडगीच्या बाहेरच्या अंगाला टिबियालिस अँटेरियर हा चवडा वर उचलणारा स्नायू असतो, तर मागे पोटरीचे स्नायू असतात. हे सर्व स्नायू प्रावरणी नावाच्या चिवट, फारशा न ताणल्या जाणाऱ्या पडद्यांनी चार कप्प्यांत बंदिस्त केलेले असतात. या बंदिस्तपणाचे महत्त्व पुढे, धोक्याच्या लक्षणांचा विचार करताना, स्पष्ट होईल.

स्कीचे बूट पूर्वी चामड्याचे आणि बुटके असत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लास्टिकच्या कवचाचे बूट बाजारात आणले आणि पुढे पोटरीपर्यंत चढणारा कडक बूट सर्वत्र रूढ झाला, त्यामुळे घोटा मोडण्याचे प्रकार कमी झाले खरे, पण घोट्यावर येणारे बळ नाहीसे न होता वर सरकले आणि त्याचा ताण बुटाच्या वरच्या काठाशी टिबियाला व त्याही वर गुडघ्याला सोसावा लागू लागला. आजच्या बुटात बाहेरचे कठीण कवच, आतला मऊ लाइनर, नडगीसमोर येणारी जाड जीभ, बहुधा ४ बकले आणि सर्वांत वर एक रुंद पट्टा अशी रचना असते, व पाय त्यात किंचित पुढे झुकलेल्या अवस्थेत राहतो. स्कीला वळवायचे तर नडगीने जिभेवर रेलावे लागते. म्हणजे नडगीवर दाब येणे हा या खेळाचा दोष नसून त्याची रीत आहे. हा दाब सलग आणि रुंद पृष्ठभागावर वाटला गेला तर अस्थिआवरण तो निमूटपणे सोसते. मात्र नडगी आणि जीभ यांच्यात फट राहिली, तर प्रत्येक उंचवट्यावर नडगी मागे जाऊन पुन्हा पुढे आदळते, आणि दिवसभरात असे शेकडो लहान आघात एकाच ठिकाणी झाले की ती जागा सुजून, लाल होऊन बोट लावू देत नाही.

ही फट निर्माण होते ती प्रामुख्याने भाड्याचा बूट निवडताना. दुकानात पाय घातल्यावर बोटे पुढे टेकली की नवशिक्या एक माप मोठा बूट मागतो, आणि रांग लांब असल्यामुळे दुकानदारही तो विनातक्रार देतो. स्कीच्या बुटाचे माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये ठरते. म्हणून घरूनच, टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहून, दोन्ही पावले मोजून न्यावीत. दुकानात लाइनर बाहेर काढून पाय नुसत्या कवचात घालावा आणि बोटे पुढे टेकवून टाचेमागील जागा पाहावी : ती दीड ते दोन सेंटिमीटर असेल तर माप योग्य, त्याहून बरीच अधिक असेल तर बूट मोठा. लाइनरसह बूट चढवल्यावर ताठ उभे असताना बोटे पुढे हलकेच टेकतात आणि गुडघे वाकवताच मागे सरकतात, हे योग्य मापाचे लक्षण आहे. ताठ उभे राहून दिलेला निकाल मात्र जवळजवळ नेहमीच चुकतो. अनेक हंगाम वापरून लाइनर दबून गेलेला असेल, तर बूट कागदोपत्री योग्य मापाचा असूनही व्यवहारात मोठाच ठरतो, आणि अशा वेळी तो बदलून मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

दुसरा अपराधी मोजा. थंडीच्या धास्तीने मुंबईकर दोन-दोन मोजे चढवतो आणि थर्मलची विजारही बुटात खोचतो; त्या कापडाची एखादी चुणी जिभेखाली आली की सारा दाब तिच्या रेषेवर एकवटतो, शिवाय दाटीमुळे रक्तपुरवठा मंदावून पाय अधिकच गार पडतात. गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ लोकरीचा मोजा पुरतो, आणि थर्मल बुटाच्या काठाच्या वरच थांबले पाहिजे. बूट घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी, गुडघा पुढे दाबून घोट्याजवळचे व नडगीवरचे बकल आधी लावावे, आणि पावलावरची बकले शेवटी व हलक्या हाताने. बहुतेक नवशिके याच्या नेमके उलट करतात, म्हणजे पाऊल आवळतात आणि नडगी मोकळी सोडतात.

बूट योग्य असूनही दुखत असेल तर दोष उभे राहण्यात शोधावा. उतार पाहून माणूस नकळत मागे रेलतो, त्यामुळे पोटरी बुटाच्या मागच्या काठावर दाबली जाते, आणि तोल सावरण्यासाठी चवडे वर ओढून धरल्याने टिबियालिस अँटेरियरला क्षणाचीही उसंत मिळत नाही. अशा वेळी दुखते ते हाड नव्हे, तर नडगीच्या बाहेरच्या अंगाचा मांसल भाग. ज्यांच्या पोटरीचा फुगवटा खालपर्यंत येतो त्यांना बुटाचा काठ मागूनही काचतो. स्त्रियांमध्ये ही ठेवण अधिक आढळत असल्यामुळे त्यांच्यासाठी काठ उतरता ठेवलेले बूट बनतात, आणि भाड्याने घेताना ते आवर्जून मागावेत.

उपनगरांच्या बाबतीत येथे एक वेगळी गुंतागुंत संभवते. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन अलीकडे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे आरे कॉलनीत किंवा द्रुतगती महामार्गालगत महिनोन्‌महिने सराव केलेला धावपटू त्यानंतर काही आठवड्यांतच स्कीवर उभा राहू शकतो. धावण्याने होणारे नडगीचे दुखणे मुख्यतः टिबियाच्या आतल्या कडेला, खालच्या दोन-तृतीयांश भागात, काही इंच लांबीवर पसरलेले असते, तर बुटाचे दुखणे समोर, जिभेच्या वरच्या टोकाशी, मर्यादित जागेत असते. पहिल्याचे खापर रस्त्याच्या काँक्रीटवर फोडण्याची पद्धत आहे, पण अंतर एकदम वाढवणे हेच त्याचे अधिक सबळ कारण. असे दुखणे अंगावर असताना स्कीला जाणे म्हणजे आधीच चिडलेल्या अस्थिआवरणावर नवे आघात ओढवून घेणे होय.

पूर्वतयारीसाठी बर्फाची गरज नाही. घोटा पुढे पुरेसा वाकत नसेल तर गुडघा जिभेवर रेलत नाही. उकिडवे बसताना टाचा उचलल्या जाणे हे त्या ताठरपणाचे एक सोपे लक्षण आहे, आणि जमिनीवर बसण्याची सवय सुटलेल्या फ्लॅटमधील पिढीत ते सर्रास दिसते. अनवाणी उभे राहून अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहावे. टेकत नसेल तर महिनाभर आधीपासून पोटरी ताणण्याचे व्यायाम करावेत. मांड्यांसाठी चढण्यापेक्षा उतरणे अधिक उपयोगी, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत जात असतानाच भार पेलतो आणि स्कीमध्ये त्याला नेमके हेच करावे लागते. घाटकोपरला मेट्रो आणि लोकल यांच्यामधले जिने सरकत्या जिन्याचा मोह टाळून उतरणे, किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंत चढून सावकाश खाली येणे, हा त्यासाठी पुरेसा आणि जवळजवळ फुकट व्यायाम आहे.

दुखणे सुरू झालेच, तर पहिला उपाय औषधाचा नसून बुटाचा आहे : त्याच दिवशी मोजा सरळ करावा, बकले नव्याने लावावीत, जमत नसेल तर बूट बदलावा आणि एक दिवस विश्रांती घ्यावी. कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे धरल्याने वेदना कमी होते. बधिर झालेल्या त्वचेवर मात्र तो लावू नये. आंबेहळदीचा लेप किंवा बाम लावल्याने बरे वाटले तरी बुटातील फट भरून निघत नाही, आणि ताज्या सुजेवर जोराने तेल रगडणे तर टाळलेलेच बरे. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा उतारावर जाणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्यामुळे दुखण्याची सूचना दडपली जाते आणि आघात चालूच राहतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर दुखत नाही यावर विसंबू नये. त्यांनी दर विश्रांतीला बूट काढून त्वचा डोळ्यांनी तपासावी.

काही लक्षणे वेगळी मानली पाहिजेत. हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूवर दुखत असेल आणि ते रात्री विश्रांतीतही थांबत नसेल, तर हाडाला ताणामुळे सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी. सुरुवातीच्या २-३ आठवड्यांत एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, म्हणून डॉक्टर एमआरआय सुचवतात. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून गरम झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता तपासावी लागते, आणि त्यासोबत धाप लागत असेल तर क्षणाचाही विलंब करू नये. सर्वांत गंभीर स्थिती वर सांगितलेल्या कप्प्यांची : पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर पाय टणक होत जाणे, बूट काढूनही वेदना वाढतच राहणे, पायाची बोटे दुसऱ्याने हलवली तरी असह्य कळ येणे आणि मुंग्या येणे, ही कप्प्यातील दाब रक्तपुरवठा रोखू लागल्याची चिन्हे असून काही तासांतच स्नायूंची कायमची हानी होऊ शकते व शस्त्रक्रियेने कप्पा मोकळा करावा लागतो. गुलमर्ग ते श्रीनगर हे अंतर सुमारे ५० किलोमीटरच असले तरी हिमवर्षावात ते कापायला किती वेळ लागेल याची खात्री देता येत नाही, म्हणून अशा रुग्णाला सकाळपर्यंत थांबवून न ठेवता लगेच हलवावे. प्लास्टिकच्या बुटाने गुडघ्यावर ढकललेल्या इजांचा विचार पुढील भागात केला जाईल.