दुर्मीळ टपाल तिकिटांची पारख : रेवदंडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले रेवदंडा हे गाव पोर्तुगीज तटबंदी आणि प्राचीन चौल बंदराच्या सान्निध्यामुळे अभ्यासकांना परिचित आहे. परंतु इतिहासाची साधने केवळ तटाबुरुजांत नसतात. या किनारपट्टीवरील अनेक कुटुंबांतील माणसे एकोणिसाव्या शतकात नोकरीव्यवसायासाठी मुंबईस गेली. बेने इस्रायली समाजातील काहीजण सैन्यातील नोकरीमुळे दूरच्या प्रांतांतही पोहोचले. अशा घरांतील जुन्या पेट्यांत पिवळी पडलेली मोडी पत्रे आणि त्यांवरील तिकिटे आढळण्याचा संभव असतो. या ठेव्यास दोन बाजूंनी धोका आहे. एक, अज्ञानामुळे पत्रावरील तिकीट कापून घेतले जाते व पत्र फेकले जाते. दोन, हौशी संग्राहकाच्या हाती बनावट तिकीट मोठ्या किमतीस पडते. प्रस्तुत लेखात आरंभकाळातील भारतीय तिकिटांची ओळख व पारख यांचा विचार केला असून, पारखीचा सर्वांत भक्कम आधार सुटे तिकीट नसून संपूर्ण पत्र हा आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. कालक्रमाची कसोटी

तिकिटाची पहिली परीक्षा भिंगाने नव्हे, तर कालक्रमाने करावी लागते. जगातील पहिले चिकटविण्याचे टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, इंग्लंडमध्ये ६ मे १८४० पासून वापरात आले. चौल-रेवदंड्यावरील पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये, म्हणजे त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी संपुष्टात आली होती. आंग्र्यांचे कुलाबा संस्थानही १८४० मध्येच कंपनी सरकारने खालसा केले. त्यामुळे ‘रेवदंड्याचे पोर्तुगीज तिकीट’ किंवा ‘आंग्रेकालीन टपाल तिकीट’ म्हणून कोणी काही विकावयास आणल्यास ते कालक्रमाच्या पहिल्याच पायरीवर बाद ठरते. गोव्यातील पोर्तुगीज शासनाने आपली पहिली तिकिटे १८७१ मध्ये काढली. स्थानिक ठशांवर छापलेली ही ओबडधोबड तिकिटे संग्राहकांत मोलाची मानली जातात. पण त्यांचा संबंध गोवा, दमण व दीव यांच्याशी आहे, रेवदंड्याशी नाही.

दुसरा घोटाळा मुद्रांकांचा. शेजारच्या जंजिरा संस्थानाने कोर्ट फी व महसुली मुद्रांक काढले होते. ते दस्तऐवजांवर लावले जात. पत्रावर टपालखर्चासाठी नव्हे. त्यांचे स्वतंत्र संग्रहमूल्य आहे, पण टपाल तिकीट म्हणून त्यांची खरेदी करणे ही फसगत होय.

२. सिंध डाक

भारतातील, किंबहुना आशियातील, पहिली चिकटविण्याची टपाल तिकिटे १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये निघाली. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचा भाग होता आणि तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर हे पुढे १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. अर्धा आणा किमतीच्या या वर्तुळाकार तिकिटावर कंपनीचे व्यापारी चिन्ह व भोवती ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ ही अक्षरे ठशाने उठविलेली होती. लाल चकती, पांढरा कागद व निळा रंग अशी तिची तीन रूपे आढळतात. लाल चकती ठिसूळ असल्याने सहज तुकडे पडत. म्हणूनच तिचे अखंड नमुने अत्यंत दुर्मीळ आहेत. १८५४ मध्ये अखिल भारतीय तिकिटे आल्यावर ही तिकिटे बंद झाली. अल्प आयुष्य व साधी आकृती यांमुळे नकलाकारांना हे तिकीट फार सोयीचे वाटले आणि त्याच्या नकला मोठ्या संख्येने प्रचारात आल्या.

३. १८५४ ची अखिल भारतीय तिकिटे

१ ऑक्टोबर १८५४ पासून संपूर्ण ब्रिटिश भारतात समान दर लागू झाले. पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा पुरे. त्यापूर्वी अंतरानुसार आकार वाढत असे. कोकणातून दूरदेशी गेलेल्या माणसाच्या घरी पत्र पोहोचणे यामुळे आवाक्यात आले.

निळे अर्धा आणा, तांबडे एक आणा व दुरंगी चार आणे ही तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली शिळाप्रेसवर छापली गेली. हिरवे दोन आण्यांचे तिकीट टंकसाळीत धातूच्या ठशांवरून छापले गेले. या तिकिटांना दातेरी कडा नव्हत्या. ती कात्रीने कापून वापरीत. चार आण्यांच्या तिकिटाची तांबडी चौकट व निळे मस्तक स्वतंत्रपणे छापल्यामुळे काही प्रतींत राणीचे मस्तक उलटे आले. या चुकीचे मोजकेच नमुने आज ज्ञात असून ते भारतीय तिकिटांतील सर्वाधिक प्रसिद्ध दुर्मीळ वस्तूंत गणले जातात.

४. बनावटीचे प्रकार

संपूर्ण नक्कल, खऱ्या तिकिटात केलेली दुरुस्ती आणि खऱ्या तिकिटावरील खोटा शिक्का असे तीन प्रकार मानता येतील. मस्तकाचा भाग कापून उलटा बसविणे किंवा दातेरी कडा कापून जुने तिकीट भासविणे ही दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे होत. युरोपात फ्रान्स्वा फुर्निए याने नकलांचा उघड व्यापार केला, तर झां द स्पेराती याच्या नकला तज्ज्ञांनाही चकविणाऱ्या होत्या. यांखेरीज मूळ तिकिटांची सरकारी पुनर्मुद्रणेही असतात. ती बनावट नव्हेत. पण मूळ म्हणून विकली गेल्यास फसवणूकच ठरते.

५. पारखीची साधने

शिळाप्रेसच्या छपाईत शाई कागदावर सपाट बसते. ठशाच्या छपाईत रेषेच्या कडेला शाई दाटते व मागील बाजूस दाब जाणवतो. दहापट भिंगाखाली चित्र रंगाच्या सुट्या ठिपक्यांचे बनलेले दिसल्यास ती आधुनिक नक्कल समजावी. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात विसाव्या शतकातील शुभ्रकारक द्रव्ये असण्याची शक्यता मोठी असते. कागदातील जलचिन्ह पाहण्याची पद्धतही उपयुक्त आहे; मात्र १८५४ च्या शिळाप्रेसच्या तिकिटांत जलचिन्ह पूर्ण तावास मिळून एकच असल्याने प्रत्येक सुट्या तिकिटावर ते दिसेलच असे नाही. म्हणून एका कसोटीवर निर्णय देऊ नये. किमती नमुन्यासाठी मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र घेणे इष्ट होय.

६. संपूर्ण पत्राचे महत्त्व

आरंभीच्या काळात तिकीट रद्द करण्याच्या शिक्क्यावर बहुधा केवळ ठिपक्यांची आकृती किंवा कचेरीचा क्रमांक असे. गावाचे नाव व तारीख यांचा शिक्का पत्रावर अन्यत्र, पुष्कळदा मागील बाजूस उमटविला जाई. तिकीट कापून घेतले की गाव, तारीख व मार्ग हे तिन्ही पुरावे नष्ट होतात. मुंबईचे संग्राहक व विक्रेते जाल कूपर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या शिक्क्यांचे जे वर्गीकरण केले, ते अशा पत्रांच्या आधारावरच शक्य झाले.

स्थळनामाबाबतही सावधगिरी हवी. ‘कुलाबा’ हे मुंबईतील भागाचे नाव आहे आणि १९८१ पर्यंत आजच्या रायगड जिल्ह्याचेही तेच नाव होते. सुट्या तिकिटावरील अर्धवट ‘कुलाबा’ कोणता, हे सांगता येत नाही. संपूर्ण पत्रावरील पत्ता, इतर शिक्के व मजकूर ते सांगू शकतात. शिवाय नकलाकारास एक तिकीट साधते. पण कागद, शाई, मोडी वळण, दर, वजन, तारीख आणि मार्ग यांचा परस्परमेळ साधणे त्यास फार अवघड जाते.

समारोप

घरात जुनी पत्रे सापडल्यास तिकिटे सोडवू नयेत, पाण्यात भिजवू नयेत व चिकटपट्टी लावू नये. कोकणच्या दमट हवेत ती आम्लरहित कागदात, कोरड्या जागी ठेवावीत आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. बहुतेक पत्रांवर साधे अर्ध्या आण्याचे तिकीटच निघेल व बाजारात त्याची किंमत बेताचीच असेल. परंतु रेवदंड्याचे कोण माणूस कधी, कोठे गेले व घरी काय कळवीत होते, हे त्या पत्राखेरीज अन्यत्र क्वचितच सापडते. तिकिटाची पारख शिकण्याचे खरे प्रयोजन हा पुरावा शाबूत राखणे हेच होय.