सरकारी उपचारांच्या खर्चाचा मेळ कोण घालणार?

खोपटच्या एस.टी. डेपोपासून वागळे इस्टेटपर्यंत लहान कारखाने, गॅरेज आणि दुकाने चालवणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या वहीत भाडे, वीजबिल, पगार सारे असते. कामगाराच्या आजारपणाचा रकाना मात्र नसतो. तो आजारी पडला की कळव्याचे हॉस्पिटल, नाहीतर जमातीकडे मदतीचा अर्ज.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिका चालवते. खाटा ५००, रुग्ण मात्र मुंब्रा, भिवंडी, शहापूरहूनही येतात. खर्च एका शहराचा आणि बोजा जिल्ह्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा हा ताण सगळ्या राज्याने पाहिला.

सरकार काहीच करत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१३-१४ मध्ये देशातील आरोग्यखर्चापैकी शेकडा ६४ रुपये रुग्णाच्या खिशातून जात. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण ही योजना मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळीचा खर्च तिच्यात येत नाही. गोळी चुकली की तोच माणूस पुढे मोठ्या खर्चाचा रुग्ण होऊन दाखल होतो. २०१७ च्या आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट २०२५ साठी ठेवले होते. २०२१-२२ चा आकडा १.८४ होता.

आमच्या मते मोफत उपचार टिकतील, पण आजच्या रीतीने नव्हे. दवाखाना आणि औषधे यांवर आधी पैसा गेला पाहिजे, आणि जिल्ह्याचा बोजा राज्याने उचलला पाहिजे.

आपलाही वाटा आहे. जुलै २०१९ पासून ई.एस.आय.ची वर्गणी मालकाची सव्वातीन आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. बारा हजार पगारावर मालकाचे ३९० रुपये, कामगाराचे ९०. त्यात कुटुंबाचे उपचार आणि आजारपणाच्या रजेचा भत्ता मिळतो. हे वाचवण्यासाठी नववा कामगार झाला की दहाव्याचे नाव हजेरीपटावर न घेणारे मालक आपल्यातही आहेत. दहापेक्षा कमी कामगार असले तरी दोन्ही बाजूंच्या संमतीने सामील होण्याची सोय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

रमजानमध्ये आपण शेकडा अडीच जकात काढतो. पण जकात हा गरिबाचा हक्क आहे. आपल्याच कामगाराची बुडवलेली वर्गणी तिच्यातून फिटत नाही. वहीत तो रकाना या महिन्यापासून घालावा.