कांद्याचे पैसे आणि टपालाचे पासबुक

मुंबई-आग्रा रस्त्यावरील चांदवड हे गाव होळकरांच्या रंगमहालामुळे व रेणुकादेवीच्या स्थानामुळे दूरवर ठाऊक आहे. गावातील टपाल कार्यालयाकडे मात्र कोणी मुद्दाम पाहत नाही. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने त्या कार्यालयाचे मोल थोडे नाही, म्हणून हे टिपण.

पेशवाईत सरकारी खलिते जासूद व सांडणीस्वार नेत असत. ती सोय दरबाराची होती, रयतेची नव्हे. कंपनी सरकारने १७७४ मध्ये कलकत्त्यास टपाल सर्वांस खुले केले. परंतु अंतर वाढेल तसा आकार वाढे, व गरिबास पत्र पाठविणे परवडत नसे. १८५४ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली. पाव तोळ्याचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. नाशिकला जो आकार, तोच कलकत्त्याला. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले, १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली आणि १८८२ मध्ये टपालाची बचत बँक. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलाच्या मनीऑर्डरीवर घाटावरच्या व कोकणातल्या कित्येक घरांची चूल पेटत असे.

पत्त्याखालील सहा आकडे, म्हणजे पिन कोड, १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृतचे नामांकित पंडित होते. चांदवडचा क्रमांक ४२३१०१. पहिला आकडा देशातील विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा ठरतो, आणि शेवटच्या तिहींवरून वाटप करणारे कार्यालय कळते. एकाच नावाची गावे आपल्याकडे किती तरी आहेत! म्हणून अर्जावर हे आकडे लिहिण्याचा कंटाळा करू नये. नोटीस अथवा अपील पाठविणारांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये सामील झाले आहे. पावती जपून ठेवावी.

आता मुख्य गोष्ट. कांद्याचा पैसा हप्त्याहप्त्याने येत नाही. येतो तो एकदम, आणि घरात राहिला तर जातोही एकदम. कोणी हातउसने मागतो, कोणी भिशीत ओढतो, आणि पुढच्या हंगामात बियाण्यासाठी सावकाराचे दार धरावे लागते. टपालाचे बचत खाते पाचशे रुपयांत उघडते. एक, दोन, तीन व पाच वर्षांच्या मुदत ठेवी तेथेच आहेत. दहा वर्षांच्या आतील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते आहे. त्यात वर्षाला किमान अडीचशे रुपये भरावे लागतात.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन व ग्रामीण डाक सेवक दारात येऊन पैसे देऊ शकतात. आधारशी जोडलेले खाते दुसऱ्या बँकेत असले तरी अंगठा लावून रक्कम मिळते. वस्तीवरच्या वृद्धांस ही मोठीच सोय होय. परंतु अंगठा ही आता सही आहे, हे विसरू नये. रक्कम किती टाकली ते आधी विचारावे. यंत्राने अंगठा घेतला नाही असे सांगितल्यास, पैसे वळते झाले नाहीत याची खात्री करूनच तो पुन्हा ठेवावा आणि पावती मागून घ्यावी. बचत खात्यात पैसे भरताना तर पावतीवाचून उठूच नये, आणि पासबुकात रक्कम, शिल्लक व तारखेचा शिक्का उमटला की नाही हे पाहावे. डाक सेवक गावातलाच, ओळखीचा. मग कशाला पाहायचे, असे पुष्कळांस वाटते. तपासण्यात त्याचा अपमान नाही. उलट प्रामाणिक सेवकास ते हवेच असते, कारण हिशेबाची जबाबदारी त्याच्यावर असते.

ग्रामसेवकांनी बैठकीत आणखी एक चौकशी अवश्य करावी: पासबुकावर वारसाचे नाव नोंदले आहे काय? खातेदार वारल्यावर हे नाव नसेल, तर दुःखात बुडालेल्या विधवेस स्वतःच्याच घरचे पैसे मिळविण्यासाठी दाखल्यांमागे हिंडावे लागते. १९९५ पासून चालू असलेल्या ग्रामीण टपाल जीवन विम्याच्या कागदांसही हेच लागू आहे. वारस नोंदविण्याचा अर्ज टपाल कार्यालयात मिळतो. तो भरण्यास जाताना पासबुक बरोबर न्यावे.