काळजीची खतावणी

आमच्या घराला कुलूप लावून बाहेर पडणे हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. म्हणजे कुलूप लावायला अर्धे मिनिटच लागते. उरलेला वेळ ते नीट लागले की नाही हे पाहण्यात जातो. मी ते ओढून पाहतो, लोंबकळून पाहतो, दोन जिने उतरून पुन्हा वर येऊन पाहतो. मग कुठे रिक्षा सोसायटीच्या फाटकाबाहेर पडते, आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे गॅसचे बटण उभे राहते.

"अगं, गॅस बंद केलास ना?"

"केला."

"केलेला आठवतोय, की केला असेल असं वाटतंय?"

या प्रश्नाचे सरळ उत्तर मला चाळीस वर्षांच्या संसारात मिळालेले नाही. कारण तोवर सौभाग्यवतीलाही शंका आलेली असते. रिक्षा परत फिरते. गॅस बंदच असतो. चालू असते ते फक्त रिक्षाचे मीटर.

वाचकहो, हसू नका. हा अंक हातात घेऊन आरामखुर्चीत बसण्यापूर्वी तुमच्यापैकी निम्मे लोक तरी एकदा उठून कढईखालची शेगडी पाहून आले असतील.

हा रोग माझ्याकडे आईकडून आला. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. वडील फोर्टमध्ये कारकून. पावणेसातला ते यायचे आणि साडेसहालाच आई गॅलरीत कठड्याला रेलून उभी असायची. सात वाजले की ती आत येई, सूप काढी आणि तांदूळ निवडायला बसे. ते सकाळीच निवडलेले असत. पण ती पुन्हा निवडी. वडिलांना उशीर झाला की दुसऱ्या दिवशीच्या भातात खडा म्हणून लागत नसे! मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तेव्हा ट्रामच्या अपघाताची भीती गेली म्हणून वडील हसून काही बोलले. पण आईला ट्रामच्या जागी बस मिळाली होती, आणि बस तर रुळांवरूनही जात नाही.

चाळीत काळजीचे नाना प्रकार होते. कोणी गणपतीला नारळ बोलत, कोणी पत्रिका काढून बसत. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी मुलाच्या मॅट्रिकच्या निकालापर्यंत खरोखरच देव पाण्यात ठेवले होते. निकाल लांबला, तसे देव्हाऱ्यातले देव बिचारे तांब्याच्या घंगाळात पंधरा दिवस बुडून राहिले. मुलगा पास झाला, पण काकूंच्या मनात पुढे कित्येक दिवस ही रुखरुख, की देवांना सर्दी तर झाली नसेल?

आणि तार! ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. तारवाला चाळीच्या दारात दिसला, की त्याने नाव विचारण्यापूर्वीच तीन बिऱ्हाडांत चुलीवरची भांडी उतरत. आमच्याकडे एकदा तार आली. आजीने ती न उघडताच गळा काढला, आणि तिच्या मागोमाग दोन शेजारणींनी. वडिलांनी तार वाचली : नागपूरच्या आतेबहिणीला मुलगा झाला होता. आजीला ते सांगितले, तर ती डोळे पुसत म्हणाली, "असू दे रे, आता सुरू केलंय तर होऊ दे पुरतं." २०१३ च्या जुलैत तारखात्याने ती सेवाच बंद केली. पण म्हणून भीती कुठे गेली? आता चिरंजीव टोरांटोला असतात, आणि मोबाईलच्या पडद्यावर माझ्या निरोपापुढच्या दोन खुणा निळ्या व्हायची मी वाट पाहतो. निळ्या झाल्या नाहीत तर तो बर्फात गाडी चालवीत असतो. झाल्या आणि उत्तर आले नाही तर तो आजारी असतो. तारवाला निदान महिनोन् महिने फिरकत नसे.

आपल्या मराठीची एक गंमत पाहा. काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. शब्द एकच, क्रियापद बदलले की अर्थ पार पालटतो. पाहुणा दारातून निघाला की आपण एका दमात म्हणतो, "तब्येतीची काळजी घ्या, आणि आमची काळजी करू नका." मला या दोहोंतला फरक व्याकरणापुरता ठाऊक होता. घरात तो कसा दिसतो हे कळायला २००५ साल उजाडावे लागले.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, हे नंतर वर्तमानपत्रांतून कळले. मी बँकेतून निघालो आणि दादरला अडकलो. गाड्या बंद, फोन बंद. रात्र एका शाळेच्या वर्गात बाकावर काढली. त्या भागातल्या लोकांनी चहा-बिस्किटे आणून दिली. दुसऱ्या दिवशी रुळांवरून आणि रस्त्यावरून चालत मी मुलुंडला संध्याकाळी पोचलो. रात्रभर मी बाकावर बसून काय केले असेल? घरात पाणी शिरले, वीज उतरली, मुलगा शिकवणीहून आलाच नाही, असे एकामागून एक सगळे प्रसंग मनात उभे केले. घरी आलो तर मुलगा सुखरूप, घर कोरडे, आणि ओट्यावर परातीएवढा रिकामा डबा. हिने रात्री कणकेचा डबा उपडा करून पोळ्या लाटल्या होत्या आणि हमरस्त्यावर बंद पडलेल्या बसमधल्या माणसांना खालच्या मुलांच्या हाती पाठवल्या होत्या. किती ते तिने मोजले नाही. मी विचारले, "तुला माझी काळजी नाही वाटली?" ती म्हणाली, "हात रिकामे ठेवले असते तर वाटली असती." मला त्या उत्तराचा थोडा रागच आला, हे आता कबूल करतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. २०१९ ची दिवाळी झाली होती. विजेचे बिल शोधताना कपाटातल्या साड्यांखाली मला एक पाकीट सापडले. त्यात तपासणीचे कागद होते, नाव हिचे. छातीत गाठ लागली म्हणून सुईने तपासणी केली होती. गाठ साधी, निरुपद्रवी असल्याचा निष्कर्ष. तारखा पाहिल्या. गाठ दाखवली त्या दिवसापासून निष्कर्ष हाती येईपर्यंत अठरा दिवस गेले होते. त्या अठरा दिवसांत आमच्याकडे चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, पाडव्याला तिने मला ओवाळले. आणि मी? मी आकाशकंदिलाच्या वायरीत शॉर्टसर्किट होईल या काळजीत होतो.

मी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती. तिने पाकिटाकडे पाहिले आणि विळी बाजूला केली.

"बरोबर कोण होतं?"

"शेजारच्या वहिनी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर मला गाठीचं बघावं लागलं असतं आणि तुमचंही. दोन्ही झेपलं नसतं हो."

ती रागाने बोलली नाही. त्यामुळेच ते अधिक लागले. जन्मभर मी समजत होतो, की घराची सारी काळजी मी एकटा वाहतो. आणि माझ्या या वाहण्याच्या धास्तीने घरातली खरी काळजी माझ्या पाठीमागून, शेजारणीचा हात धरून, दवाखान्यात जाऊन आली होती. मग आठवू लागलो, तेव्हा आणखीही काही सापडले. मुलाची पहिली नोकरी गेली तेव्हा मला दोन महिन्यांनी, दुसरी लागल्यावर कळले होते. मेव्हण्याचे ऑपरेशन झाले ते तो हिंडूफिरू लागल्यावर. ज्याला त्याला वाटे, यांना कशाला सांगा, हे काळजी करतील.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. पहाटे तीनला जाग येते, असे कारण सांगितले. खरे कारण सांगायला लाज वाटली. त्यांनी मला गोळी न देता एक युक्ती सांगितली, आणि ती कुठून आली हेही सांगितले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टॉमस बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ती मांडली. काळजी करू नका असे ते सांगतच नाहीत. ते म्हणतात, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास काळजी करा. एरवी ती मनात आली, की तिला सांगा, 'तुझी वेळ पाचची'. आणि हातातल्या कामाकडे वळा. याच बोर्कोव्हेकांचे आणखी एक निरीक्षण मला फार पटले : काळजी आपण चित्रांपेक्षा शब्दांतच अधिक करतो. मन सारखे बोलत राहते. गाडीखाली आला तर, नापास झाला तर, पैसे बुडाले तर. तर, तर आणि तर!

(महिनोन् महिने झोप नाही, भूक नाही, कामात हात चालत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांनी माझ्या वहीच्या नादी न लागता डॉक्टरांकडेच जावे. सरकारची 'टेलिमानस' नावाची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.)

युक्ती ऐकून मी प्रथम हसलो. मग ध्यानात आले, की बँकेत मी जन्मभर हेच केले होते. एखाद्या रकमेचे काय करायचे ते त्या दिवशी कळले नाही, तर ती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि नंतर उलगडा झाला की योग्य त्या खात्यात वळवायची. त्या रकमेपायी कोणी काउंटर बंद करून बसत नाही. मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले : तारीख, कशाची काळजी, माझ्या हाती काय आहे, निकाल. जानेवारी २०२० पासून रोज पाच ते साडेपाच, चहाचा कप आणि वही.

पहिले काही दिवस मी पाच वाजायच्या आतच काळज्या विसरलो, आणि काय विसरलो याची काळजी केली. मग हळूहळू हात बसला. तिसरा रकाना हा खरा गुरू निघाला. 'मुलाची गाडी बर्फात घसरेल' याच्यापुढे माझ्या हाती काय? काही नाही. रकाना कोरा. 'नळाचा वायसर गेला, पाणी वाया जाते' याच्यापुढे लिहिले : प्लंबरला फोन. केला. निकाल : दुरुस्त, दोनशे रुपये. पुष्कळशा काळज्या वायसरच्या जातीच्या असतात. त्या केल्या तर महिनाभर पुरतात, घेतल्या तर दहा मिनिटांत संपतात.

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वहीची पाने भराभर भरू लागली. त्याच वर्षी, पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातूनच, लाफ्रेनिएर आणि न्यूमन या दोन संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. तो मुलाने मला नंतर धाडला. काळजीचा आजार जडलेल्या एकोणतीस माणसांना त्यांनी आपल्या काळज्या लिहून ठेवायला लावल्या आणि पुढे त्या खऱ्या होतात का ते महिनाभर पाहिले. शंभरातल्या एक्क्याण्णव खऱ्या ठरल्या नाहीत. मी माझी वही काढून बेरीज केली. माझा हिशेबही जवळपास तिथेच आला. मुलाला तसे कळवले आणि दोघेही फोनवर हसलो.

पण या बेरजेत एक नोंद नव्हती. थोरल्या भावाच्या नावापुढे मी फक्त गुडघ्यांची काळजी लिहिली होती. २०२१ च्या एप्रिलात तो गेला, कोरोनाने, नऊ दिवसांत. शेवटचे दर्शनही काचेपलीकडून. त्याच्या गुडघ्यांचा रकाना अजून तसाच आहे. तिथे निकाल काय लिहायचा ते मला सुचलेले नाही. वहीने त्या दिवसांत मला काही मदत केली असे म्हणणे खोटे ठरेल. मदत केली ती पुतणीने, जी रोज रात्री फोन करून "काका, जेवलात का?" एवढेच विचारी, आणि हिने, जिने मला डाळतांदूळ निवडायला बसवले. सत्तरीकडे झुकलेला मी, समोर सूप, आणि तांदळात खडा नव्हताच.

वहीचा शिरस्ता मात्र चालू राहिला. ही त्या अर्ध्या तासाला 'यांची संध्या' म्हणत असे. पाच वाजले की कप ठेवी आणि आपल्या कामाला जाई. वहीत काय आहे हे तिने कधी विचारले नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट. मी वही उघडली, तर माझ्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ होती, पेन्सिलीने, बायकांच्या वाणसामानाच्या यादीसारख्या बारीक अक्षरात. 'उजव्या डोळ्याने अंधूक दिसते. दिवाळीपासून.' तारीख घातली नव्हती.

ती कप घेऊन आली. एरवीसारखी गेली नाही, समोरच्या खुर्चीवर बसली. माझ्या तोंडात डझनभर प्रश्न आले. काचबिंदू तर नसेल? दिवाळीपासून आतापर्यंत गप्प का? मी चहाचा घोट घेतला आणि वही तिच्याकडे सरकवली.

"तिसरा रकाना राहिलाय," मी म्हटले.

तिने पेन्सिल घेतली, चष्मा वर सारला आणि वहीवर वाकली.

"डॉक्टरांची वेळ घेतलीय, गुरुवारी अकराची," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तुम्ही चला बरोबर. फक्त निघताना कुलूप मी लावणार."