दवबिंदूचा पाहुणचार

आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसणीलाही मज्जाव. अशा घरात गेल्या वर्षी ऐन श्रावणात मी एक कुंडी घेऊन शिरलो आणि "हे झाड किडे खाते" असे मोठ्या कौतुकाने सांगून बसलो. आईने जपमाळ खाली ठेवली.

"मग याला रोज घालायचे तरी काय रे?"

या प्रश्नाचे उत्तर "काही नाही" असे आहे. पण ते शिकायला मला एक झाड मारावे लागले होते.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नुकताच प्राध्यापक झालो होतो आणि विद्यार्थ्यांची सहल घेऊन साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर गेलो होतो. (पुढे २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले.) तिथे जांभ्या खडकावरच्या ओलीत रुपयाएवढी तांबूस पानांची चक्री दिसली. पानावर बारीक केस, प्रत्येक केसाच्या टोकावर एक चमकता थेंब. खरे दव उन्हाबरोबर उडून जाते; हा थेंब भर दुपारीही तसाच! मराठीत या वनस्पतीला दवबिंदू म्हणतात. तो थेंब मात्र चिकट असतो. चिलट त्यावर बसते आणि अडकते. शेजारचे केस वाकून त्याला वेढतात, पाचक रस सुटतो आणि शेवटी कवच तेवढे उरते.

एवढा खटाटोप कशासाठी? कातळावर माती बोटभर, आणि तिच्यातला नत्र मुसळधार पावसाने धुऊन गेलेला. तेवढी उणीव किडा भरून काढतो. पोळी-भात हे झाड इतर झाडांप्रमाणे उन्हावरच रांधते. किडा म्हणजे तोंडी लावणे!

मला यातले काही ठाऊक नव्हते. मी ते रोप उपटले, पुण्याला आणले, शेणखताच्या मातीत लावले आणि नळाचे पाणी घातले. आठव्या दिवशी ते काळे पडले. हे झाड हंगामी. म्हणजे बी धरण्यापूर्वीच मी त्याचा वंशही बुडवला. वाचकहो, पठारावरचे रोप कधीही उपटू नका, हे मी अनुभवाने सांगतो.

या झाडाने भल्याभल्यांना वेड लावले आहे. १८६० च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विनला इंग्लंडातील ससेक्स परगण्यात त्याच्या पानांवर अडकलेले किडे दिसले. मग त्याने पानांना भाजलेले मांस, दूध, अंड्यातील पांढरे असे काय काय भरवून पाहिले! पंधरा वर्षांनी, १८७५ साली, कीटकभक्षक वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ साली दाखवून दिले की, ज्यांना मांस मिळाले त्या झाडांना बी अधिक धरते.

माझी नवी कुंडी होती ती दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या दवबिंदूची. एका मित्राने बियांपासून वाढवलेली. घरी ठेवायला हीच जात सोयीची. हिची पाने पट्टीसारखी लांब असतात आणि भक्ष्याभोवती सावकाश गुंडाळतात. पथ्य सोपे. पीट नावाची निःसत्त्व माती आणि धुतलेली वाळू. खताचा कणही नको. कुंडीखालच्या ताटलीत बोटभर पाणी सदैव हवे, पण ते पावसाचे किंवा डिस्टिल्ड; नळाच्या पाण्यातले क्षार तिला बाधतात. ऊन भरपूर द्यावे; वैशाखात तेवढा दुपारी आडोसा करावा. चिलटे ती स्वतः पकडते. बी धुळीसारखे असते. ते ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे, झाकू नये.

सौभाग्यवतीने पावसाचे पाणी बाटल्यांत भरून ठेवले आणि झाड झळाळू लागले.

मग दिवाळी आली. भाऊबीज होऊन आठ दिवस झाले नाहीत तो कुंडीवर बुरशी चढली, पाने काळवंडली. मातीला आंबट वास येत होता. मी घरभर आरडाओरडा केला. आई हळूच म्हणाली, "नरकचतुर्दशीला मी त्याला चमचाभर दूध-साखर घातली. सणाचा दिवस, आणि बिचारे नुसत्या पाण्यावर. म्हटले, मला नाही तर नाही, त्याला तरी मिळू दे."

मी एकदम गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी आईला मधुमेह निघाला. तेव्हापासून फराळाचे डबे मी उंच फळीवर ठेवतो आणि स्वतःला कर्तव्यदक्ष मुलगा समजतो. डॉक्टरांना मी फक्त एवढेच विचारले होते, "काय बंद करायचे?"

काळी पाने कापून टाकली, वरची माती काढली, पावसाचे पाणी घालत राहिलो. या जातीचा एक मोठा गुण असा की वरचा भाग मेला तरी मुळातून ती पुन्हा फुटू शकते. दीड महिन्याने दोन हिरवे कोंब दिसले. ते प्रथम आईलाच दिसले.

यंदा कुंडी भरली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आईच बजावते, "त्याला काही घालू नका हो, त्याचे पथ्य आहे." आणि मी या खेपेला डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारून आलो आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईच्या ताटात अर्धी करंजी असेल.